ट्रॉम्बेचे ऋण आणि ट्रॉम्बेचे उत्तरदायित्व

अणुविज्ञान म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा दोन चित्रे उभी राहतात. एक पोखरणच्या वाळवंटात उसळलेल्या धुळीचे आणि दुसरे अणुवीज केंद्राच्या करड्या घुमटाचे. मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा या दोन्ही चित्रांशी घनिष्ठ संबंध आहे. तथापि या संस्थेचे बरेचसे काम याहून पुष्कळ शांतपणे आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचलेले असते. थायरॉइडच्या रुग्णाला दिली जाणारी आयोडीनची मात्रा, शस्त्रक्रियेसाठी उघडलेल्या पाकिटातील निर्जंतुक साहित्य, अमेरिकेच्या बाजारात पोहोचलेला हापूस, शेतकऱ्याने पेरलेले भुईमुगाचे बियाणे आणि एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर अडकवलेला लहानसा बिल्ला, या साऱ्यांचा माग काढत गेल्यास वाट ट्रॉम्बेच्या टेकडीपाशी जाऊन थांबते.

गोव्यातील वाचकाचा या संस्थेशी आणखी एक संबंध आहे. राज्याच्या दक्षिण सीमेपलीकडे, कारवार तालुक्यात काळी नदीच्या काठी कैगा अणुवीज केंद्र उभे आहे. ते चालविणारी कंपनी वेगळी आहे. परंतु त्याच्या परिसरातील पाणी, माती, दूध आणि मासळी यांत किती किरणोत्सर्ग आहे, याचे मोजमाप भाभा केंद्राची प्रयोगशाळा करीत असते. म्हणजेच गोमंतकीय नागरिक हा या संस्थेच्या कामाचा लाभार्थी तर आहेच, शिवाय तिने घेतलेल्या मोजमापांवर विसंबून राहणारा शेजारीही आहे. म्हणूनच ही संस्था काय करते आणि तिच्या कामाची तपासणी कोण करते, हे दोन्ही प्रश्न त्याच्या जिव्हाळ्याचे ठरतात.

पायाभरणी

डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने 1954 साली ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा संशोधनासाठी स्वतंत्र आस्थापना सुरू झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारचे अणुऊर्जा खातेही अस्तित्वात आले. 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ती पहिली अणुभट्टी. इंधन ब्रिटनमधून आणलेले असले तरी भट्टीची आखणी आणि उभारणी भारतीय अभियंत्यांनी केली होती. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रवासाच्या लांबीची कल्पना येते. पुढे 1960 मध्ये कॅनडाच्या साहाय्याने ‘सायरस’ आणि 1985 मध्ये 100 मेगावॅट क्षमतेची, संपूर्ण देशी बनावटीची ‘ध्रुव’ ही अणुभट्टी उभी राहिली. जानेवारी 1966 मध्ये भाभांचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षी या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

‘ध्रुव’च्या आखणी व उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते डॉ. अनिल काकोडकर म्हणजे गोवा मुक्तिलढ्यातील नेते पुरुषोत्तम काकोडकर यांचे सुपुत्र. 1996 ते 2000 या काळात ते भाभा केंद्राचे संचालक होते आणि त्यानंतर 2009 पर्यंत अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. गोमंतकीयांना या संस्थेविषयी आपुलकी वाटावी, असा हा धागा आहे.

या अणुभट्ट्या विजेसाठी नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. संशोधन भट्टीत युरेनियमचे विखंडन होताना जे न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते हेच तिचे खरे उत्पादन. या न्यूट्रॉनांच्या माऱ्यात एखादे साधे मूलद्रव्य ठेवले, की त्याचे रूपांतर किरणोत्सर्गी समस्थानिकात होते. वैद्यक, उद्योग आणि शेती यांसाठी ट्रॉम्बेहून जे काही बाहेर पडते, त्यातील पुष्कळशा गोष्टींचे मूळ या एका प्रक्रियेत आहे.

वाटेतच विरघळणारे औषध

मानेतील थायरॉइड ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेते. ते आयोडीन साधे आहे की किरणोत्सर्गी, हा भेद तिला कळत नाही. या अज्ञानाचाच वैद्यकाने उपयोग करून घेतला. आयोडीन-131 ची मात्रा रुग्णाला दिली की ती नेमकी ग्रंथीत जाऊन साठते आणि तिच्यातून निघणारे किरण अतिक्रियाशील किंवा कर्करोगग्रस्त पेशी आतूनच नष्ट करतात. मुंबईत परळ येथे 1963 मध्ये भाभा केंद्राने विकिरण वैद्यक केंद्र सुरू केले आणि देशातील अणुवैद्यकाच्या शिक्षणाचा व उपचारांचा पाया तेथे घातला गेला.

या औषधांची अडचण अशी, की ती कपाटात ठेवून देता येत नाहीत. आयोडीन-131 चे अर्धायुष्य सुमारे 8 दिवसांचे आहे. आज तयार झालेली मात्रा आठवड्याभराने जवळजवळ निम्मी उरते, पंधरवड्याने जेमतेम पाव. तपासणीसाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टेक्निशियम-99एम या समस्थानिकाचे अर्धायुष्य तर अवघे 6 तास. ते दूरवर पाठविणे शक्यच नसते. म्हणून त्याचे जनक असलेले मॉलिब्डेनम-99 इस्पितळात पाठविले जाते. त्याचे अर्धायुष्य 66 तासांचे असते आणि त्यातून दररोज ताजे टेक्निशियम वेगळे काढता येते. गाईचे दूध काढावे तसे रोज थोडे थोडे मिळत असल्याने तंत्रज्ञ या उपकरणाला गमतीने गाय म्हणतात. मात्र ही गाय आठवड्याभरातच आटते आणि नवी मागवावी लागते.

अशा औषधांच्या बाबतीत अणुभट्टी बंद पडणे म्हणजे काय, याचा अनुभव जगाने 2009 आणि 2010 मध्ये घेतला. कॅनडातील चॉक रिव्हर येथील जुनी भट्टी गळतीमुळे मे 2009 मध्ये बंद झाली आणि ती पुन्हा सुरू होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. दरम्यान नेदरलँड्समधील पेटेनची भट्टीही दुरुस्तीसाठी थांबवावी लागली. जगाला लागणाऱ्या मॉलिब्डेनमचा मोठा हिस्सा या दोन ठिकाणांहून येत असल्याने अनेक देशांतील रुग्णालयांना हृदयाच्या व हाडांच्या तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. पैसे मोजायची तयारी असूनही वस्तूच उपलब्ध नव्हती.

भारतातही या समस्थानिकांची सारी गरज देशांतर्गत उत्पादनातून भागत आलेली नाही. काही प्रमाणात आयात करावीच लागते. ‘सायरस’ 2010 च्या अखेरीस कायमची बंद झाली. मूळ ‘अप्सरा’ 2009 मध्ये थांबली आणि तिची सुधारित आवृत्ती 2018 मध्ये सुरू झाली. वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीतून स्वतंत्र संशोधन भट्टी उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने मे 2020 मध्ये केली, ती याच निकडीतून. विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजेच ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा खात्याची शाखा 1989 पासून ही उत्पादने इस्पितळांपर्यंत पोहोचविते. मुंबईपासून दूर असलेल्या शहरातील रुग्णाच्या दृष्टीने भट्टी, प्रयोगशाळा, विमान आणि रस्ता यांतील प्रत्येक तासाच्या विलंबाने औषधाची ताकद कमी होत असते.

कोबाल्टची कामगिरी

कोबाल्ट-60 हे यापेक्षा दीर्घायुषी समस्थानिक. त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांहून किंचित अधिक आहे. साध्या कोबाल्टच्या कांड्या वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांत ठेवून ते तयार केले जाते. त्यातून निघणारे गॅमा किरण पुठ्ठा, प्लॅस्टिक, फळाची साल यांतून आरपार जातात. हा गुण अनेक कामी येतो.

1974 मध्ये ट्रॉम्बे येथे ‘आयसोमेड’ हा प्रकल्प सुरू झाला. हातमोजे, टाके घालण्याचे धागे, सलाइनच्या नळ्या, पट्ट्या असे साहित्य आधी पाकिटात बंद करून मग गॅमा किरणांखाली नेले जाते. उष्णतेने प्लॅस्टिक वितळते. किरणांनी तसे होत नाही आणि पाकीट उघडेपर्यंत साहित्य निर्जंतुक राहते. एकदाच वापरून टाकून देण्याची वैद्यकीय साधने आपल्याकडे रुळली, त्यामागे अशा सुविधांचा मोठा हात आहे. कर्करोगाच्या उपचारांसाठी ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टवर चालणारे देशी यंत्र केंद्रात विकसित झाले आणि 2005 मध्ये नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत बसविण्यात आले. परदेशी यंत्रांच्या किमती लहान शहरांतील इस्पितळांना पेलत नसत. ती अडचण काही अंशी या यंत्राने दूर केली.

आंब्याची कथा कोकणपट्टीला अधिक जवळची. आंब्याच्या कोयीत दडून बसणाऱ्या भुंग्याच्या भीतीने अमेरिकेने भारतीय आंब्याला अनेक वर्षे दार बंद ठेवले होते. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या कोयीत कीड आहे की नाही, हे फळ न कापता कळत नाही. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा केंद्राने 2002 मध्ये उभारलेल्या ‘कृषक’ या विकिरण केंद्रात आंब्याला किमान 400 ग्रे इतकी मात्रा देण्याची व्यवस्था झाली. त्यामुळे कोयीतील कीड पुढे वाढू शकत नाही आणि तिची पैदासही थांबते. अमेरिकी कृषी खात्याच्या मान्यतेनंतर 2007 मध्ये हापूस व केशर पुन्हा तेथे पोहोचले. कांद्याला याहून कितीतरी कमी, 60 ते 90 ग्रेच्या आसपास मात्रा पुरते. तेवढ्याने त्याला मोड येत नाहीत.

अशा फळात किरणोत्सर्ग शिरतो काय, ही शंका वारंवार विचारली जाते. कोबाल्टचे गॅमा किरण फळातून जातात. त्यांची ऊर्जा पेशींतील रेणू मोडण्यास पुरेशी असली, तरी फळातील अणूंना किरणोत्सर्गी बनविण्यास ती पुरत नाही. उन्हात वाळविलेली आमसुले घरात आणल्यावर उजेड देत नाहीत, तसेच हे. कोबाल्टच्या कांड्या आणि फळे यांचा एकमेकांशी स्पर्शही होत नाही. तरीही ग्राहकाला माहिती मिळावी, म्हणून अशा खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर तसे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मर्यादाही सांगितलीच पाहिजे. विकिरणाने कांद्याचे मोड थांबतात, पण सडणे आपोआप थांबत नाही. त्यासाठी चांगली साठवण लागतेच. नाशिक पट्ट्यात पिकणाऱ्या कांद्याच्या राशीपुढे एका केंद्राची क्षमता फारच तोकडी आहे.

बियाण्यातील बदल

ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी गॅमा किरणांचा आणखी एक उपयोग केला. बियाण्यावर किरण सोडले असता त्याच्या जनुकांत बदल घडतात. त्यातील बहुतेक निरुपयोगी, पुष्कळसे अपायकारक. हजारो रोपांतून एखादे असे निघते, की ज्याची शेंग टपोरी असते, जे लवकर पक्व होते किंवा रोगाला दाद देत नाही. ते वेचायचे, अन्य वाणांशी त्याचा संकर करायचा आणि कित्येक पिढ्या पारखायचे, असे हे चिकाटीचे काम आहे. यात दुसऱ्या जिवाचे जनुक आणून घातलेले नसते. निसर्गात जे बदल सावकाश घडतात, त्यांचा वेग येथे वाढविला जातो.

या पद्धतीतून 1973 मध्ये ‘टीजी-1’ हा भुईमुगाचा वाण आला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने 1985 मध्ये उडदाचा ‘टीएयू-1’ आणि 1991 मध्ये भुईमुगाचा ‘टॅग-24’ प्रसृत झाला. या नावांतील पहिले अक्षर ट्रॉम्बेचे, तर दुसरे अकोल्याचे. आजवर 60 हून अधिक वाण या केंद्रातून शेतकऱ्यांपर्यंत गेले आहेत. प्रयोगशाळेने वाण द्यावा, कृषी विद्यापीठाने तो शेतात पारखावा आणि बियाणे महामंडळांनी तो वाढवावा, अशी ही साखळी आहे. तिचा एक दुवा निखळला, तर उत्तम वाणही अहवालातच राहतो. शेतकऱ्याला खरोखर किती बियाणे मिळाले, हाच या कामाचा खरा कस होय.

कैगाचे पाणी, कारवारची मासळी

आता शेजारच्या कैगाकडे वळू. तेथे प्रत्येकी 220 मेगावॅटच्या 4 अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन 2000 मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या, चौथी 2011 मध्ये. अणुवीज महामंडळ त्या चालविते. देशातील अशा प्रत्येक ठिकाणी भाभा केंद्र पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा चालविते. वीजनिर्मिती सुरू होण्यापूर्वीच परिसरातील नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजून ठेवला जातो, कारण आधीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? पुढे ठरावीक काळाने पाणी, हवा, माती, तांदूळ, भाजी, दूध आणि मासळी यांचे नमुने तपासले जातात.

या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी एक मापदंड ध्यानात ठेवावा. जमीन, खडक, हवा, अन्न आणि अवकाश यांतून माणसाला निसर्गतःच वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते, असे जागतिक अनुमान आहे. अणुप्रकल्पामुळे सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या वाढीव मात्रेची मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट आहे. प्रकल्पात काम करणाऱ्यांसाठी ती 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 आणि कोणत्याही एका वर्षात कमाल 30 मिलिसिव्हर्ट अशी ठरलेली आहे. केवळ ‘किरणोत्सर्ग आढळला’ एवढ्या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. तो किती, कशात आणि कोणत्या मर्यादेच्या तुलनेत, हे सांगितले तरच माहिती पूर्ण होते. इस्पितळातील एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवरील बिल्ला हेच काम करतो. त्यातील स्फटिक मिळालेली मात्रा साठवून ठेवतो आणि ठरावीक मुदतीने ती वाचली जाते. या बिल्ल्यांची देशव्यापी व्यवस्था भाभा केंद्राने घडविली.

मोजमापाचे महत्त्व कैगाच्याच एका घटनेतून दिसले. नोव्हेंबर 2009 मध्ये तेथील कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले आढळले. पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी कोणीतरी मुद्दाम मिसळल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. 50 हून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले होते. तपासणी नियमित होती, म्हणून प्रकार उघडकीस आला. परंतु असे पाणी कूलरपर्यंत पोहोचू शकले, ही सुरक्षाव्यवस्थेतील उणीवही त्यातूनच उघड झाली.

पुढच्याच वर्षी, एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-60 चा स्रोत सापडला. एका विद्यापीठाने निकामी ठरवून लिलावात विकलेल्या उपकरणातील तो होता. तो उघड्यावर फोडला गेला आणि एका कामगाराचा बळी गेला. स्रोताचे तुकडे शोधून सुरक्षित करण्याचे काम अणुऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांनी केले. आणीबाणीत धावून जाणारी संस्था म्हणून अशा यंत्रणेची गरज त्या दिवसांत सर्वांना पटली; त्याच वेळी किरणोत्सर्गी साहित्याची नोंद ठेवण्यात किती ढिलाई होती, हेही दिसले.

तपासणाऱ्याची तपासणी

येथे या लेखाच्या मुख्य प्रश्नाशी आपण येतो. भाभा केंद्राला दोन चेहरे आहेत. 1974 च्या पोखरण चाचणीसाठीचे प्लुटोनियम ‘सायरस’मधून मिळाले होते आणि 1998 च्या चाचण्यांतही केंद्राच्या शास्त्रज्ञांचा मध्यवर्ती सहभाग होता. संरक्षणाशी निगडित कामात गुप्तता अपरिहार्य असते, हे कोणीही मान्य करील. अडचण अशी, की औषधे, बियाणे आणि पर्यावरणाचे मोजमाप ही सर्वस्वी नागरी कामेही त्याच भिंतीच्या आत चालतात आणि गुप्ततेची सवय एका दालनातून दुसऱ्या दालनात सहज पसरते.

1983 मध्ये सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. 2000 मध्ये मात्र भाभा केंद्रातील सुविधा या मंडळाच्या कक्षेबाहेर काढण्यात आल्या आणि त्यांच्या सुरक्षिततेची तपासणी केंद्रांतर्गत व्यवस्थेकडे सोपविण्यात आली. 2012 मध्ये महालेखापरीक्षकांनी नियामक मंडळाला पुरेसे वैधानिक स्वातंत्र्य नसल्यावर नेमके बोट ठेवले. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर 2011 मध्ये स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले होते. ते संमत न होताच लोकसभेची मुदत संपल्याने बारगळले. नियामकाच्या स्वातंत्र्याचा विषय त्यानंतरही चर्चेत राहिला.

याचा अर्थ मोजणारे शास्त्रज्ञ खोटे बोलतात, असा मुळीच नाही. हिशेब लिहिणाऱ्यानेच तो तपासू नये, हा साधा व्यवहार गावातली सहकारी पतपेढीही पाळते. प्रामाणिक हिशेबनिसालासुद्धा त्याचा फायदाच होतो, कारण त्याच्या आकड्यांवर मग कोणी संशय घेत नाही. अणुप्रकल्पांविषयी लोकांच्या मनात जी भीती असते, तिच्यातील बराचसा भाग किरणोत्सर्गाचा नसून अपुऱ्या माहितीचा असतो आणि अपुरी माहिती अफवेला आयते अंगण देते.

पर्यावरणीय मोजमापांचे अहवाल निघतात. पण ते इंग्रजीत आणि तज्ज्ञांच्या परिभाषेत. काणकोणचा मच्छीमार, कारवारची मासळी विकणारी बाई किंवा मडगावच्या बाजारातून ती विकत घेणारी गृहिणी यांच्यापर्यंत ते पोहोचत नाहीत. कैगा परिसरातील मासळी व पाण्याचे आकडे दर वर्षी कोंकणी, मराठी आणि कन्नडमध्ये, मर्यादेच्या आकड्यासह, साध्या तक्त्याच्या रूपात पंचायतींपर्यंत आले, तर त्यासाठी कोणतेही संरक्षणविषयक गुपित उघड करावे लागणार नाही. स्थानिक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना काही नमुने समांतर तपासू दिले, तर केंद्राच्याच आकड्यांना बळकटी येईल.

रुग्णाला वेळेवर मिळालेली मात्रा, शेतकऱ्याच्या हाती आलेले बियाणे आणि निर्यातदाराला उघडे झालेले दार यांसाठी समाज या संस्थेचा ऋणी आहे. त्या ऋणाची जाणीव ठेवूनच तिच्याकडे उत्तर मागायचे असते. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेने जनतेच्या पाण्यात आणि ताटात काय मोजले, ते जनतेच्या भाषेत सांगावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.